आठ की तीन

राउसुच्या बंदरात पहाटे पाचला
बोटीच्या इंजिनाआधी माझी कंबर कुरकुरते.
एकतीस वर्षं कॉडची गाबोळी निवडली मी कारखान्यात,
कुठली फाटकी, कुठली अखंड, एका नजरेत.
त्याच नजरेच्या भरवशावर
निवृत्तीच्या पैशातून शंभर ते चारशेचा झूम घेतला.
सून म्हणाली, एवढ्यात स्वयंपाकघर नवं झालं असतं.
झालं असतं.

पण मला एका समुद्रगरुडाच्या पायातलं कडं वाचायचंय.
डावा पाय, हिरवं कडं, त्यावर दोन खुणा.
पलीकडच्या रशियन किनाऱ्यावर कुणीतरी
तो घरट्यात असताना घातलेलं.
तीन हिवाळे झाले, तो वाहत्या बर्फाच्या लादीवर येऊन बसतो
आणि चारशेवर तो आकडा म्हणजे
भाताच्या शितावर मुंगी.

कुशिरोच्या दुकानात हिसानोबुने दोन डब्या उघडल्या.
मुठीत मावतील एवढे दोन टेलिकन्व्हर्टर.
"हा एक पॉइंट चार. हा दुप्पट.
पहिला रुपयातला आठ आणे उजेड खातो,
दुसरा बारा आणे.
तुमचं पाच पॉइंट सहा याने आठ होईल, त्याने अकरा,
आणि अकरावर तुमचा ऑटोफोकस
कुलपाचं भोक शोधणाऱ्या दारुड्यासारखा चाचपडेल."
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
"अनामत ठेवा. दोन्ही न्या. शुक्रवारी एक परत आणा."

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनीही असंच विचारलं होतं,
मोतीबिंदू काढून भिंग घालताना:
लांबचं स्पष्ट हवं, की जवळचं?
दोन्ही मिळत नाही.
मी लांबचं घेतलं.
तेव्हापासून नातवाचं तोंड हातभर दूर धरून बघते,
तो हसतो, त्याला खेळ वाटतो.

मंगळवारी दुप्पट लावला.
गरुड चौकटभर, चोच केवढी,
आणि कडं? ओलं, हिरवं, फुगलेलं.
आठ की तीन?
समुद्रातून वाफ निघत होती,
आणि मोठा फक्त पक्षी होत नव्हता,
आमच्यामधली थरथरती हवाही दुप्पट झाली होती,
बोटीचा हादराही, माझ्या मनगटाचाही.
आयएसओ चढवला तर पिसांवर रवा सांडला.
रात्री तोच फोटो मी चाळीस वेळा बघितला.
चाळीस वेळा तो आठ होता. किंवा तीन.

बुधवारी धुकं. नुसताच चहा.

गुरुवारी एक पॉइंट चार.
बॅटरी काखेत ऊब देऊन ठेवलेली.
गरुड लहान दिसला, हिरमुसले मी,
वर एक मूर्ख कुरव पक्षी मधेच येऊन बसला.
मग गरुडाने मान खाजवायला पाय उचलला.
अर्धा सेकंद. सात फोटो.
सहाव्यात कडं वाटाण्याएवढं,
पण कडा कशा, सुरीने कापल्यासारख्या.
तीन!
मी ओरडले, तसा तो उडाला.

बोटवाल्या गेन्झोने पडदा डोळ्यांशी नेला.
तरुणपणी हानासाकी बंदरात त्याने
रशियन खेकड्यांच्या पेट्या उतरवल्यात.
"हा तीन नव्हे," म्हणाला,
"हे अक्षर आहे त्यांचं. झ. जहाजातल्या झसारखं नाही,
दातांतून, माशी गुणगुणते तसं."
हातमोजा काढून त्याने फळीवरच्या दवात
बोटानं ते अक्षर गिरवलं.

तीन हिवाळे मी आकडा शोधत होते.

शुक्रवारी दुप्पटवाला परत केला.
हिसानोबुने का विचारलं नाही, पावती फाडली फक्त.
सुनेला मी किंमत निम्मीच सांगितली.
पुढची खूण अजून वाचायची आहे,
ती कड्याच्या वळणावर आहे,
पाय थोडा आत वळवायला हवा त्याने.
गेन्झोच्या फळीवर ते अक्षर
परत येईपर्यंत गोठून तसंच होतं,
मी त्याच्यावर पाय न देता उतरले.